दिवाणखान्यातील पडदा : अधिक रेषांपासून जोडलेल्या घरापर्यंत

दूरचित्रवाणीवरील चित्र किती रेषांनी रेखाटावे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांच्या टेबलावरचा, दोन-चार प्रयोगांनी आणि एखाद्या समितीच्या अहवालाने निकालात निघावा असा. परंतु त्याच प्रश्नावर जपानने पाव शतक खर्ची घातले, युरोपातील सरकारांनी तिजोऱ्या उघडल्या, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या, आणि अखेर जेव्हा तो सुटला तेव्हा ज्यांनी तो हिरिरीने लढवला होता त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पदरात अपेक्षिलेले फळ पडले नाही. चित्र सुंदर झाले, यात शंका नाही. पण त्या सौंदर्याच्या मागोमाग घरात जे शिरले त्याची मागणी कोणी केलेली नव्हती. ग्राहकाने रोख पैसे मोजून आणलेला पडदा आज त्याच्याच भिंतीवर बसून परक्याच्या हुकमतीखाली चालतो, आणि हे स्थित्यंतर कसकसे घडत गेले ते पाहिल्याशिवाय त्याविषयी तक्रार करणेही व्यर्थ आहे.

आरंभ जपानमध्ये झाला. १९६४ चे टोकियो ऑलिंपिक आटोपल्यावर एनएचके या तेथील सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थेच्या संशोधनशाळेने, रंगीत दूरचित्रवाणीनंतर पुढे काय, असा विचार सुरू केला, आणि ताकाशी फुजिओ यांच्या नेतृत्वाखाली त्याचा शोध यंत्रापासून न करता माणसाच्या डोळ्यापासून केला. प्रेक्षक पडद्यापासून किती अंतरावर बसतो, चित्राने दृष्टिक्षेत्राचा किती भाग व्यापला म्हणजे आपण त्या दृश्यातच उभे आहोत असा भास होऊ लागतो, रुंदी आणि उंची यांचे प्रमाण काय असावे, या गोष्टींची त्यांनी चिकाटीने मोजदाद केली. निष्कर्ष असा निघाला की चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावे, चित्राने सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा, आणि तेवढ्या अंतरावरून रेषा जाणवू नयेत म्हणून त्या हजाराच्या वर असाव्यात. अमेरिका आणि जपान येथील रूढ पद्धतीत ५२५, तर भारताने आणि युरोपातील बहुतेक देशांनी स्वीकारलेल्या पद्धतीत ६२५ रेषा असत; एनएचकेने ११२५ हा आकडा मुक्रर केला. या ‘हाय-व्हिजन’चे रोजचे प्रक्षेपण १९९१ साली सुरू करण्यासाठी अकराव्या महिन्याची पंचविसावी तारीख निवडण्यात आली, यावरून त्या आकड्याविषयी तेथे केवढे ममत्व होते ते कळावे.

१९८६ साली डुब्रोव्निक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीच्या अधिवेशनात ही पद्धत साऱ्या जगाचे मानक म्हणून मान्य करून घेण्याचा जपानचा मनसुबा होता आणि अमेरिकेचा त्यास पाठिंबाही होता. युरोपीय देशांनी तो हाणून पाडला. विजेचे आवर्तन आमच्याकडे सेकंदाला ५० आणि तुमच्या चित्राची गती ६०, ही सबब पुढे करण्यात आली व ती सर्वस्वी खोटीही नव्हती. परंतु व्हिडिओ रेकॉर्डरच्या बाजारपेठेत जपानी मालापुढे आपल्या कारखान्यांची काय गत झाली हे नुकतेच पाहिलेल्या सरकारांना दिवाणखान्यातला उरलासुरला बाजारही त्याच मालाला बहाल करणे परवडणार नव्हते. मग ‘युरेका ९५’ या नावाने युरोपने स्वतःची १२५० रेषांची पद्धत उभारली, १९९२ च्या आल्बेरव्हिल आणि बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिचे प्रदर्शन मांडले, आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. जपानची पद्धत निदान काही वर्षे नांदली; युरोपची अंगणातच विझली.

अमेरिकेतील प्रकरण याहून मनोरंजक आहे, कारण तेथे या चळवळीचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून जागेच्या तंट्यात होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास पोलीस, रुग्णवाहिका आणि मालवाहू गाड्या यांच्या फिरत्या रेडिओंसाठी अधिक लहरी हव्यात, अशी मागणी एफसीसी या तेथील दळणवळण आयोगापुढे आली. दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या परंतु ओस पडलेल्या लहरींवर अर्थातच मागणारांचा डोळा होता. वहिवाटीने जागा आपली समजणाऱ्या प्रक्षेपकांना ती मोकळी आहे हे नाकबूल करता येईना. तेव्हा, आम्हाला ती लवकरच हाय डेफिनिशनसाठी लागणार आहे, अशी कैफियत त्यांनी मांडली आणि पुराव्यादाखल जानेवारी १९८७ मध्ये चक्क जपानी यंत्रे वॉशिंग्टनला आणून त्यांचे प्रयोग करून दाखवले. पुरावा प्रमाणाबाहेर यशस्वी झाला. चित्र पाहून लोकप्रतिनिधी स्तिमित झाले आणि पाठोपाठ भयभीतही झाले, की हाही उद्योग जपानच्या घशात जाणार. त्याच वर्षी रिचर्ड वायली यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली. जो विषय केवळ मुदत मिळवण्यासाठी काढला होता तो आता प्रक्षेपकांच्या गळ्यात कायमचा पडला.

येथवरची सारी स्पर्धा जुन्याच मार्गाने चालली होती. म्हणजे प्रकाशाच्या चढउताराबरोबर चढणारी-उतरणारी लहर हवेत सोडायची आणि ती कशी तरी अधिक रुंद किंवा अधिक धूर्त करायची. जून १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने, आपण संपूर्णतः अंकांवर चालणारी पद्धत सादर करू, असे जाहीर केले आणि सर्वांचे हिशेब एकदम शिळे झाले.

या ठिकाणी थोडे थांबून अंकगणित पाहणे इष्ट आहे, कारण पुढील सारे रामायण त्यातूनच घडले. एका उच्चस्पष्ट चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन मूळ रंग, प्रत्येक रंगास आठ अंक, आणि सेकंदाला अशी ३० चित्रे धरली तर दर सेकंदास सुमारे दीड अब्ज अंक होतात. आणि अमेरिकेतील एका वाहिनीच्या वाट्याला आलेल्या ६ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीतून सेकंदाला जातात जेमतेम १ कोटी ९३ लाख. पंचाहत्तर भागांतून एखादाच भाग पाठवायचा आणि प्रेक्षकाला काही कमी आहे असे वाटू द्यायचे नाही, अशी ही कसरत आहे. ती साधते ती अशी की चित्राचे आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद असे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराचे मंद आणि वेगवान अशा लहरींत पृथक्करण करतात, डोळ्याला ज्या जाणवत नाहीत त्या वेगवान लहरी कठोरपणे छाटतात, आणि मागच्या चित्रातून जे बदलले नाही ते पुन्हा पाठवतच नाहीत. ज्या गणिती रूपांतरावर ही छाटणी उभी आहे ते बंगळूर येथे जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे त्यांनी याच कल्पनेसाठी केलेला अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला होता. आज जगातील क्वचितच एखादे चलच्चित्र त्या रूपांतराच्या किंवा त्याच्या वंशजांच्या हाताखालून न जाता पडद्यावर येते.

परंतु छाटणीहून दूरगामी ठरली ती बांधणी. आवळलेले हे अंक १८८ बाइटांच्या पाकिटांत भरले जात आणि प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर त्यातला ऐवज चित्राचा, ध्वनीचा की आणखी कशाचा याची खूण असे. वाहून नेणाऱ्यास आत काय आहे याच्याशी कर्तव्य उरले नाही. जी वस्तू अंकांच्या पाकिटांतून हवेतून येते ती तशीच टेलिफोनच्या तारेतूनही येऊ शकते, तबकडीवर साठू शकते, एका खोलीतून दुसरीत जाऊ शकते. आणि ती उलगडणारे यंत्र, त्याला टीव्ही म्हणा की आणखी काही म्हणा, स्वभावतः संगणकच असतो. हाय डेफिनिशनसाठी अंक आणले गेले, आणि अंकांनी दूरचित्रवाणी हा स्वतंत्र पदार्थच शिल्लक ठेवला नाही.

मे १९९३ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्या आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्था यांनी आपसात तह करून ‘ग्रँड अलायन्स’ स्थापन केला. तरीही संगणकवाल्यांचा आणि प्रक्षेपकांचा वाद मिटेना. प्रक्षेपकांना रेषा एकाआड एक रंगवण्याची जुनी रीत हवी होती. संगणकवाल्यांना ती गावंढळ वाटे, कारण तिच्यात बारीक अक्षरे थरथरतात. डिसेंबर १९९६ मध्ये आयोगाने मानक मंजूर केले ते चित्राच्या आकारांचा तक्ताच त्यातून वगळून. वादग्रस्त कलम गाळले की करारनामा एकमताने होतो, हा शिरस्ता सर्वत्र सारखाच दिसतो. परिणामी काही अमेरिकी वाहिन्या आजतागायत ७२० रेषांचे तर काही १०८० रेषांचे चित्र पाठवतात. आणि ज्या स्वदेशी उद्योगाच्या रक्षणासाठी हे सारे चालले होते त्यातील शेवटचे मोठे नाव, झेनिथ, ते मानक मंजूर होण्यापूर्वीच १९९५ साली कोरियाच्या एलजीकडे गेले होते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये वृद्ध अंतराळवीर जॉन ग्लेन यांचे उड्डाण हाय डेफिनिशनमध्ये दाखवून अमेरिकेने नव्या युगाचा नारळ फोडला. तेव्हा सेटची किंमत काही हजार डॉलर होती आणि पाहणारे विरळा. जुने प्रक्षेपण बंद होण्यास २००९ चा जून उजाडला. सरकारने जुन्या सेटवाल्यांना रूपांतरक पेटीसाठी घरटी दोन, प्रत्येकी ४० डॉलरांची कूपने वाटली, ती मध्येच संपली, आणि फेब्रुवारीची मुदत वाढवून द्यावी लागली. मोकळ्या झालेल्या लहरींचा लिलाव आधीच, २००८ साली, उरकला होता व त्यातून १९ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आली. ती कोणी दिली? मुख्यतः मोबाइल कंपन्यांनी. फिरत्या रेडिओला जागा द्यावी लागू नये म्हणून ज्यांनी हाय डेफिनिशनचा धावा केला, त्यांच्या त्याच खटपटीची परिणती फिरत्या फोनला जागा मिळण्यात झाली; आणि पुढे त्या फोनवरून लोक चित्रेच पाहू लागले.

आपल्याकडे यातील एकही लढाई झाली नाही; निकाल मात्र सर्व येऊन पोहोचले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाने ते पुण्यास पोहोचवले, १९८२ साली रंग आला, १९९१ च्या आखाती युद्धाने केबल आणली, आणि गच्चीवरच्या अँटेनांची जागा एका इमारतीवरून दुसरीवर लोंबणाऱ्या तारांनी घेतली. गल्लीतील केबलवाला ही त्या काळाची खरी प्रक्षेपणसंस्था होती: तोच वसूल करणारा, तोच दुरुस्त करणारा, आणि किती घरांत आपली तार आहे याचा खरा आकडा दफ्तरी न लावणाराही तोच. वाहिन्यांना आणि सरकारला हा आकडा हवा होता. म्हणून २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटलीकरणाची सक्ती झाली, ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतील जुने केबल प्रक्षेपण बंद करण्याचे फर्मान निघाले, पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांची पाळी पुढच्या मार्चअखेर आली, आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स बसला. चित्राची स्पष्टता हे या मोहिमेचे जाहिरातीतले कारण होते. जमाखर्चाची स्पष्टता हे खरे.

चित्राच्या बाबतीत आपण काटकसरच केली. दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा हाय डेफिनिशनमध्ये दाखवल्या, २०१६ साली झी मराठी आणि स्टार प्रवाह यांच्या एचडी वाहिन्या आल्या; पण २०१९ च्या दरपत्रकात नियामकाने एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली, आणि मराठी घराने आपल्या स्वभावधर्मानुसार हिशेब करून साधी वाहिनीच पसंत केली. असंख्य दिवाणखान्यांत २० लाख ठिपक्यांच्या पडद्यावर ५७६ रेषांचे चित्र ताणून पाहिले जाते. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ओढून बसवले की मुंबई दूरदर्शनच्या जुन्या मालिकेतला काटकुळा चिमणराव गुंड्याभाऊच्या अंगलटीचा होतो. रिमोटवरील एक कळ दाबून हा अन्याय दूर करता येतो, पण पडद्याच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसले तर विकत घेतलेली जागा वाया गेली असे यजमानांस वाटते.

हे सर्व चालू असता, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ अवतरला, डेटा कवडीमोल झाला, आणि केबलच्या पेटीला वळसा घालून चित्र थेट फोनवर व तेथून पडद्यावर येऊ लागले. स्थित्यंतराचा लेखी पुरावा हवा असेल तर तो जून २०२२ च्या आयपीएल लिलावात आहे: पाच वर्षांसाठी भारतातील टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांस गेले, आणि डिजिटल हक्क त्याहून किंचित अधिक, सुमारे २३,७५८ कोटींस.

आता जोडलेल्या घराकडे वळू. ते स्वप्न हाय डेफिनिशनइतकेच जुने आहे आणि त्याच्या पूर्वेतिहासात फसलेल्या प्रयोगांची रांगच लागलेली आहे. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ साली ‘एक्स-१०’ ही पद्धत काढली, जिच्यायोगे घरातील विजेच्या तारांतूनच दिव्यांना आणि पंख्यांना आज्ञा धाडता येई. ओहायोतील कोलंबस येथे १९७७ च्या डिसेंबरात वॉर्नर केबलने ‘क्यूब’ सुरू केले आणि प्रेक्षकाच्या हाती उत्तरे पाठवणारी कळ दिली. केन साकामुरा यांनी १९८९ साली टोकियोत ‘ट्रॉन’ घर बांधले, ज्यात शेकडो संगणक भिंतींत दडवलेले होते आणि वाऱ्याचा रोख पाहून खिडक्या आपोआप उघडत-मिटत; काही वर्षांत ते पाडण्यात आले. टाइम वॉर्नरने १९९४ साली ऑरलँडोत मागाल तो चित्रपट मागाल तेव्हा देणारे जाळे काही हजार घरांत नेले. पेट्यांचा खर्च इतका की १९९७ साली तेही आवरावे लागले. कल्पना सर्व बरोबर होत्या. स्वस्त प्रोसेसर, वाय-फाय आणि प्रत्येकाच्या खिशात एक पडदा, या तीन गोष्टी मात्र अद्याप जन्मायच्या होत्या.

त्या जन्मल्यावर मैदान मोकळे झाले, पण एकजिनसी घर झाले नाही. २००३ साली सोनी, इंटेल आदींनी एकत्र येऊन, कोणत्याही कंपनीचा टीव्ही कोणत्याही कंपनीच्या संगणकातील चित्र दाखवील, अशा उद्दिष्टाने जी संघटना स्थापली ती पुढे डीएलएनए नावाने ओळखली गेली आणि २०१७ साली विसर्जित झाली. तिचा आदर्श असा होता की चित्रे, गाणी आणि चित्रपट घरातच, घरमालकाच्या तबकडीवर राहावेत व खोल्याखोल्यांतून फिरावेत. घडले उलटे. सामग्री घराबाहेरच्या सर्व्हरवर गेली आणि घरात केवळ पाहण्याची मुभा आली, तीही दरमहा नूतनीकरणाच्या अटीवर. या मनोवृत्तीचा एक नमुना टीव्हीच्या मागच्या बाजूस हात घालून पाहावा. पेटीपासून पडद्यापर्यंत जाणारी एचडीएमआयची हातभर तार सर्वांच्या परिचयाची आहे; संरक्षित चित्र तिच्यातून जाताना कुलूपबंद होऊन जाते. पेटी आणि पडदा एकमेकांस गुप्त खुणा विचारतात, त्या पटल्या तरच चित्र उघडते, न पटल्या तर पडदा काळा. दोन्ही यंत्रे ज्याच्या मालकीची, त्याच्याच भिंतीवर, त्याच्यावरच हा पहारा आहे.

पहाऱ्याची दुसरी बाजू अधिक गंभीर. नवा सेट घरी येतो तो प्रसंग आठवून पाहा. कंपनीचा माणूस भिंतीवर ब्रॅकेट ठोकतो, भाषा निवडतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो, आणि मग पडद्यावर एकामागून एक करारनामे येऊ लागतात, ज्यांचा मजकूर फिकट करड्या अक्षरांत आणि ‘मान्य’ हे बटण ठळक निळ्यात असते. घरधनी चहाचे पाहत असतो. तो माणूस, पुढच्या घरी जायचे असल्यामुळे, सवयीने चार वेळा ‘मान्य’ दाबतो. कोणतेही मुखत्यारपत्र नसताना एका परक्याने दुसऱ्या परक्याला या घराविषयी दिलेली ही संमती, आणि तिच्या आधारे पुढे काय चालते ते अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळते. व्हिझिओ या कंपनीने २०१४ पासून १ कोटी १० लाख सेटांवरून, पडद्यावरील ठिपक्यांचे नमुने क्षणाक्षणाला उचलून, त्यांची आपल्या संग्रहाशी रुजुवात करून, त्या घरात काय पाहिले जात आहे याची नोंद ठेवली व ती माहिती इतरांस विकली. केबल, डीव्हीडी, अँटेना, काहीही लावले तरी सुटका नव्हती, कारण पाळत पडद्यावरच होती. आणि ही सोय ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’ या निरुपद्रवी नावाखाली मुळातच चालू ठेवलेली होती. २०१७ साली २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. यापुढे संमतीविना असे करणार नाही, हे कंपनीने कबूल केले. पण संमती कशी मिळते ते वर आलेच. २०२१ च्या एका तिमाहीत याच कंपनीला जाहिरात आणि माहिती यांच्या धंद्यातून मिळालेला ढोबळ नफा सेट विकून मिळालेल्या नफ्याच्या दुपटीहून अधिक होता. सेट इतके स्वस्त कसे, या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग येथे आहे.

मालकी किती पातळ झाली आहे याचे दुसरे उदाहरण ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या पेटीचे. घरातील दिवे, कुलुपे आणि पडदे यांना एकत्र चालवणारी ही सुमारे ३०० डॉलरांची वस्तू बनवणारी कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ साली घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. पेटी बिघडली नव्हती. वीज होती, इंटरनेट होते, ग्राहकाने पुरते पैसे मोजले होते. आणि तरी एका सकाळी तिची वीट झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘मिराई’ या उपद्रवी प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेल्या कॅमेऱ्यांची व रेकॉर्डरांची फौज उभारून अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. आपला कॅमेरा या चढाईत सामील झाला, हे त्यांच्या मालकांना कळलेही नसेल. सेटांचे आणि दिव्यांचे आपसात जमावे म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन आदींनी ‘मॅटर’ हे समाईक मानक आणले ते स्वागतार्ह आहे. पण यंत्रांचे यंत्रांशी जमणे आणि यंत्राचे मालकाशी इमान असणे या दोन भिन्न बाबी आहेत.

एवढे लिहिल्यावर, हे सारे टाकाऊ आहे असा ग्रह होऊ नये. ज्याचे ऐकणे कमी झाले आहे अशा वृद्धास संवाद अक्षरांत वाचता येतात. मोतीबिंदू झालेल्या आजीला रिमोटवरील कळा शोधण्याऐवजी नुसते बोलून अभंग लावता येतात. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या पडद्यावर भिंतभर दिसतो, आणि तेथील मराठी कुटुंबाला कॅसेटची वाट न पाहता मुंबईत लागलेले नाटक काही दिवसांत घरी बसून पाहता येते. अंकांच्या पाकिटांनी दिलेल्या या देणग्या खऱ्या आहेत. माझा आक्षेप देणगीवर नाही, तिच्यासोबत गुपचूप आलेल्या अटींवर आहे.

आणि ज्या स्पष्टतेच्या नावाने हे सर्व विकले जाते तिचा तर शेवट केव्हाच झाला आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. ४३ इंची पडद्यावरील १९२० ठिपके या हिशेबाने साडेपाच-सहा फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात, आणि आपल्याकडील सोफा सहसा त्याहून दूर असतो. फोर-केचे ८३ लाख आणि एट-केचे सव्वातीन कोटी ठिपके तेवढ्या पडद्यावर तेवढ्या अंतरावरून पाहणाऱ्यास केवळ पावतीवर दिसतात. रंगांची आणि उजेडाची वाढलेली श्रेणी उपयोगाची आहे, हे मान्य. त्रिमिती सेटांचा गाजावाजा मात्र २०१० च्या सुमारास सुरू होऊन दशक संपण्यापूर्वीच विरला. विक्रेत्याला नवा आकडा लागतो म्हणून आकडे वाढत राहतात.

इतरत्र कायदा हळूहळू जागा होत आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडयंत्रांना सर्वांसाठी एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आली असून, सुरक्षेची दुरुस्ती किमान किती काळ पुरवू हे उत्पादकाला विक्रीच्या वेळीच जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने २०२४ साली केलेला कायदा २०२७ अखेर पूर्णपणे लागू होईल व ही मुदत सामान्यतः किमान ५ वर्षांची ठरवील. भारताने २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि संमती मुक्त, सुस्पष्ट व विशिष्ट असावी असे त्यात लिहिले. दिवाणखान्यातील पडद्याला तो अक्षरशः लागू करून घेणे आता ग्राहक पंचायतींचे आणि आपले काम आहे. तोवर निदान इतके करावे: ठोकाठोक करणाऱ्या माणसाच्या हातून रिमोट आपल्या हाती घ्यावा, करारनाम्यांपैकी पाहण्याच्या सवयी नोंदवण्यास परवानगी मागणारा असेल तो नाकारावा, आणि दुकानात इंच व ठिपके विचारून झाल्यावर दुरुस्तीची मुदत किती साल हे विचारून ते पावतीवर लिहून मागावे.